पाहुणीसाठी तीन शब्द

पुण्याहून धुळ्याला निघताना शेजारच्या काकूंना सांगितलं की एका घरी दुभाषी म्हणून चालले आहे. त्यांनी विचारलं, "खानदेशात? तिथे मराठी बोलत नाहीत का?" बोलतात, अहिराणीही बोलतात, पण त्या घरात सध्या एक पोर्तुगीज सून आलेली आहे, असं मी समजावलं. काकूंचा चेहरा तसाच राहिला. मलाही ते सगळं धड पटलेलं नव्हतं, पण माझ्या पोर्तुगीजची कोणाला तरी गरज पडली होती आणि असा योग माझ्या आयुष्यात क्वचित येतो.

मी पुण्यात पोर्तुगीज शिकवते. साधं 'तुमचं नाव काय' शिकवून मुलांना सोडून द्यावं, तर ते मला जमत नाही. एकाच अर्थाच्या वाटणाऱ्या दोन शब्दांत नेमका काय फरक आहे हा माझा खास विषय. 'साबेर' म्हणजे एखादी गोष्ट माहीत असणं आणि 'कोन्येसेर' म्हणजे माणसाशी, गावाशी ओळख असणं, यावर मी दोन तास बोलू शकते आणि बोलतेही. तिसऱ्या तासाला वर्ग निम्मा होतो. उरलेल्या निम्म्यात एकदा पारोळ्याजवळच्या गावचा हेमंत होता. तो टिकला, लिस्बनला नोकरीला गेला, आणि तिथल्या इनेश नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. लग्न तिथल्या तिथे नोंदणी करून झालं. घरचं कोणी जाऊ शकलं नाही.

श्रावणात तो तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला, कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या घरच्या देवीच्या, सणाला. आल्यावर चारच दिवसांत त्याचा फोन. "मॅडम, तुम्ही येता का? मला दोघींच्या मध्ये बोलता येत नाही. अक्काला वाटतं मी बायकोचं सावरून सांगतोय, बायकोला वाटतं मी आईचं सावरून सांगतोय. तुमची कोणाचीच बाजू नाही." अक्का म्हणजे त्याची आई. मग तो म्हणाला, "इनेश म्हणते, या घरात मी कोण आहे तेच कळत नाही. कोणीच नसेन तर पुढच्या वर्षी तू एकटा ये." मी दुसऱ्याच दिवशी गाडी पकडली. एखादं घर सांभाळायला शब्दांच्या बारीक छटाच लागतात, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

मालेगाव सोडल्यावर डोंगर मागे सरकतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी सुरू होते. पाऊस बरा झालेला, पिकं गुडघ्याला आलेली. धुळ्याला उतरून आधी शेवभाजी खाल्ली. तर्री कपड्यांवर सांडू नये म्हणून मी वाटी उचलून तोंडाजवळ नेली आणि नेमकी तिथेच सांडली. पांढरा कुर्ता घालून शेवभाजी खाणाऱ्या बाईकडे हॉटेलातले लोक ज्या नजरेने पाहतात, ती मला आता ओळखीची झाली आहे. ओढणी पुढे घेऊन जळगावच्या गाडीत बसले.

शेजारी एक आबा होते, मांडीवर रोपांची टोपली धरून. मी कोण, कुठली, काय करते, हे सगळं त्यांनी मुकटीच्या फाट्याच्या आत काढून घेतलं.

"पोर्तुगीज?" ते म्हणाले. "त्या तं कव्हयच गयात ना?" (ते तर कधीच गेले ना?)

"गेले आबा. भाषा राहिली."

"राह्यनी? कोनाकडे?"

विचार करून मी म्हटलं, "थोडी माझ्याकडे." आबांनी माझ्या कुर्त्याच्या डागाकडे पाहिलं आणि मान हलवली. पारोळ्याला उतरताना त्यांनीच माझी बॅग खाली काढून दिली.

हेमंत मोटारसायकल घेऊन आला होता. किल्ल्याच्या बाजूने निघून आम्ही गावात पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. गावाचं नाव मी सांगणार नाही, हेमंतची तशी अट आहे. अक्का दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, चटपटीत, नऊवारीचा पदर कंबरेला खोचलेला. "या मॅडम, बसा. दमी गया व्हशात," म्हणाल्या आणि माझ्यासाठी खुर्ची आणायला पिटाळलं ते हेमंतच्या वडिलांना, नानांना. नाना मुकाट्याने खुर्ची घेऊन आले. घरात कोणाचं चालतं ते कळायला मला एवढं पुरलं.

इनेश स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती. उंच, सुती साडीत जरा अवघडलेली, हाताला काम नसलेल्या माणसासारखी. मला पाहून ती 'प्रोफेसोरा' म्हणत आली आणि तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले. त्या घरात तिची भाषा समजणारी बाई आली होती, म्हणून तिला झालेला आनंद खरा होता. मी मात्र लगेच तिच्या एका क्रियापदाच्या लिस्बनी उच्चाराचं कौतुक करायला लागले.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "अक्कांना सांगा, मला काम हवंय. भांडी, भाजी, काहीही. मी हात लावला की त्या हातातून काढून घेतात."

हे जरा जास्तच थेट वाटलं म्हणून मी ते मऊ केलं. "अक्का, ती विचारतेय, काही मदत करू का?"

"नही नही," अक्का म्हणाल्या. "पाव्हनीले काय काम सांगतस का कोनी? बस म्हना तिले."

"काय म्हणाल्या?" इनेशने विचारलं.

आणि इथे मी अडकले. पाहुणीला आपल्याकडे एक शब्द. तिच्याकडे तीन. 'व्हिझिता' म्हणजे भेटायला आलेली, बसली, बोलली, निघाली. 'कोन्व्हिदादा' म्हणजे रीतसर आमंत्रण देऊन बोलावलेली. 'ऑश्पेद' म्हणजे घरात मुक्कामाला असलेली, जिची सरबराई दुसरा करतो. अक्कांना यातलं कुठलं म्हणायचं होतं? समोरची बाई तिची मातृभाषा बोलणारी आहे हे विसरून मी तिला तिन्ही शब्दांतला फरक नीट उदाहरणांसकट समजावून सांगितला आणि शेवटी, मुक्काम आहे म्हणून, 'ऑश्पेद' ठरवला. फार समाधान वाटलं.

इनेशने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "प्रोफेसोरा, तिन्ही शब्दांत एक गोष्ट सारखी आहे. तिघीही परत जातात."

ती वर झोपायला गेली. हेमंतने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं की मी शक्य तितकं अचूक भाषांतर केलं आहे. तो म्हणाला, "तेच झालं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी शनिवार. कानबाईची स्थापना रविवारी व्हायची, त्यामुळे रोटाचं दळण काढायचा दिवस. सणासाठी वेगळ्या काढलेल्या गव्हाच्या पिठाचं जे जे होतं त्याला रोट म्हणतात. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू बाजूला काढायचा आणि त्याचंच दळण आणायचं, हे मी आधी हेमंतकडून ऐकलं होतं. ऐकल्याबरोबर मी पळत जाऊन इनेशला सांगितलं. म्हटलं, बघ, आता अक्का एकेकाचं नाव घेऊन मूठ काढतील, तुझंही नाव येईल. तिचा चेहरा उजळला. कालची भरपाई झाली म्हणून मीही खूश झाले.

आम्ही दोघी उंबऱ्याशी उभ्या राहिलो. अक्कांनी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, सुपात मूठ रिती करायला सुरुवात केली. नानांचं नाव आलं, हेमंतचं आलं, हेमंतच्या काकांचं, त्यांच्या मुलांचं, मुंबईला असलेल्या पुतण्याचंही आलं. मग अक्कांनी सूप उचललं आणि दळणाची तयारी करायला लागल्या. संपलं.

"माझं?" इनेशने हळूच विचारलं.

मी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "बायासना नाव घेतस नही आमनाकडे. मनाबी नही." (बायकांची नावं घेत नाहीत आमच्याकडे. माझंही नाही.)

मी हे मोठ्या उत्साहाने इनेशला सांगितलं, की बघ, अक्कांचंसुद्धा नाव नाही, म्हणजे यातून काहीच सिद्ध होत नाही. ती म्हणाली, "हो. पण अक्कांना त्या कोण आहेत ते माहीत आहे."

अक्का मागून आणखी काहीतरी सांगत होत्या. "आनी तिले सांगा मॅडम, हाऊ रोट घरनासनीच खावाना. बाहेरनाले एक कुटकाबी देवाना नही." घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. आता 'घरचे' याला काय म्हणावं? 'परेन्तिश' म्हटलं तर सगळे नातेवाईक आले, दूरचेसुद्धा. 'फामीलिया' म्हटलं तर लिस्बनच्या माणसाला नवरा, बायको आणि मुलं एवढंच डोळ्यापुढे येतं. 'दे काझा' म्हणजे घरातलाच माणूस, पण ते रक्ताचं नातं नसतानाही प्रेमाने म्हणतात. मी मनात शब्द जुळवत उभी राहिले. तेवढ्यात पिठाची गिरणी बंद होईल म्हणून अक्कांनी हेमंतला हाक मारली, दळण गेलं, इनेश अंगणात गेली, आणि ते वाक्य माझ्याजवळच राहिलं. नंतर सांगू म्हटलं. नंतर मी ते विसरले.

रविवारी घर भरलं. केळीच्या खांबांत चौरंगावर कानबाई बसली, नारळाला नथ, हार, साडी. नातलग बायका गाणी म्हणायला जमल्या. मला पुढच्या खोलीत नानांच्या एका शाळामास्तर स्नेह्यांच्या शेजारी पाटावर बसवलं, ताटाभोवती रांगोळी काढली. आमचा स्वयंपाक वेगळ्या पिठाचा, शेजारच्या घरून रांधून आणलेला. पुरणपोळी, कटाची आमटी, गिलक्याची भजी. घरची मंडळी आत बसली होती. आत कोण काय खातंय ते मला दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी पाहायचा प्रयत्नही केला नाही. मास्तरांना गोव्याच्या पोर्तुगीजविषयी कुतूहल होतं आणि ऐकणारा मिळाला की मला ताटाचंही भान राहत नाही. अक्का स्वतः येऊन आग्रह करून वाढत होत्या. एवढा मान मला सासरीही मिळाला नव्हता.

सोमवारी उजाडताच कानबाईला वाजतगाजत नदीवर नेलं. इनेश बायकांच्या घोळक्यात मागे चालत होती. एकीने तिच्या डोक्यावरचा पदर सरळ केला, दुसरीने तिला फुगडीला ओढलं. परतल्यावर ती मला म्हणाली, "सगळ्या चांगल्या आहेत. अक्कापण चांगल्या आहेत. पण त्या अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत. तुमच्याशी बोलतात, 'तिला सांगा' म्हणून." तिकडे हेमंत लवकर परतायच्या तिकिटांचं बघत होता. तिने त्याला सांगितलं होतं की तिचं ठरलं आहे, पुढच्या वर्षी ती येणार नाही.

मलाही दुपारची गाडी गाठायची होती. रात्रीच्या जागरणाने सगळं घर आडवं झालेलं. मी पुढच्या खोलीत बॅग भरत होते तर इनेश वाटी घेऊन आली. दुधात काहीतरी कुस्करलेलं, वर गूळ. "तुम्ही उपाशीच निघालात," ती म्हणाली. "कोणी उठलं नाहीये. मी स्वयंपाकघरात जाऊन शोधलं आणि केलं." तिच्या आवाजात जरासा अभिमान होता. पहिल्यांदाच तिने त्या स्वयंपाकघरात कोणाला न विचारता काहीतरी केलं होतं. मी खाल्लं. फार छान लागलं. अर्धी वाटी संपवून मी तिला विचारलंही, की हे कशाचं केलंस.

तेवढ्यात दारात अक्का.

त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, मग इनेशकडे. आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा थेट तिच्यावर आल्या. मध्ये मी बसले आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"हाई काय करं व तू? कानबाईना रोट शे तो. घरना रोट बाहेर दिधा? अक्कल शे का नही तुले? घरनी सून व्हईसन रोट वाटत फिरस? काल पोटभर खाधा ना तू, घरनासनामा बसीसन? मंग कये नही का, कोनी खावाना तो?"

आवाज चांगला चढला होता. आतून नाना उठून आले, हेमंत आला. शनिवारचं ते न सांगितलेलं वाक्य मला तेव्हा आठवलं. मी म्हटलं, "अक्का, चूक माझी आहे. तुम्ही सांगितलं होतं, मीच तिला सांगितलं नाही." त्यांनी ऐकलं नाही. त्यांचं सुनेशी चाललं होतं.

"आते चाल देव्हाराजोडे. हात जोड, चूक पदरमा घे म्हन. आनी उरेल बठ्ठा रोट तुलेच खाना पडतीन. पुनवना पहिले सरना पाहिजे. मी काय एकलीच खात बसू?" (उरलेला सगळा रोट तुलाच खावा लागेल, पौर्णिमेच्या आत संपायला हवा.)

इनेश भिंतीला टेकून उभी होती, लालबुंद. मी माझं काम सुरू केलं. म्हटलं, तो रोट होता, तो फक्त घरच्यांनी खायचा असतो. काल तू आत बसून खाल्लास तोही तोच. घरच्या सुनेने तो बाहेर दिला म्हणून त्या तुला... आणि पुन्हा अडले. 'रेप्रेएन्देर' म्हणजे समज देणं, वरिष्ठाने कनिष्ठाला देतात तशी. ते ठीक होईल असं वाटलं, जरा सभ्य. मी ते म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," इनेश म्हणाली. ती माझ्याकडे बघतच नव्हती, अक्कांकडे बघत होती. "राल्यार. त्या माझ्यावर राल्यार करतायत."

'राल्यार' म्हणजे रागावणं, पण आपल्या माणसावर. आई पोरांना रागावते तसं. परक्या बाईवर कोणी राल्यार करत नाही, पाहुणीवर तर नाहीच, तिन्ही प्रकारच्या. हा शब्द मी दर वर्षी वर्गात शिकवते. तो मला तेव्हा सुचला नाही.

"माझी आई असंच ओरडायची," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हसस काय?" अक्का म्हणाल्या. पण रागाची धार गेली होती. त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला देव्हाऱ्यापाशी घेऊन गेल्या. दोघी शेजारी शेजारी वाकल्या. अक्का पुटपुटत होत्या आणि इनेशला त्यातला एक शब्दही कळत नव्हता, तरी ती ओठ हलवत होती. मग स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला, दही काढ म्हणून, आणि दह्याला त्यांनी कोणाला भाषांतर करायला सांगितलं नाही. हेमंतने फोन खिशात ठेवला. मी पाहिलं, त्याने तिकिटांचं पान बंद केलं होतं.

मी पुढच्या खोलीत अर्धी वाटी हातात घेऊन बसले होते. रोट मी खाल्ला होता. माहीत असलेला नियम मोडला होता, सांगायचं काम चुकवलं होतं, वर चव छान आहे म्हणून जिभल्याही चाटल्या होत्या. अक्का बाहेर आल्या तेव्हा मी उभी राहिले आणि पुन्हा म्हटलं, "अक्का, खरंच चूक माझी."

त्यांनी हात जोडले. "नही नही मॅडम. तुमनं काय चुकनं? तुमी पाव्हनी. मनले लाई घेऊ नका." आणि मला पाटावर बसवून ओटी भरली. नारळ, खण, आणि वाटेत खायला म्हणून एक डबा, शेजारच्या घरच्या पिठाच्या पुऱ्यांचा.

पारोळ्याहून धुळ्यापर्यंत मला उभं राहून यावं लागलं. डबा पिशवीत गरम लागत होता. मी खूप खूश होते, हे आधी सांगते, कारण इनेशचं झालं ते मनापासून चांगलं झालं आणि त्यात माझा काही हात नव्हता, उलट माझ्या चुकीमुळेच ते घडलं. पण त्या आनंदात कुठेतरी मला चक्क रडू येत होतं. पुण्यात मी एकटी राहते. माझ्यावर ओरडणारी माणसं एकेक करून गेली. आता लोक माझ्याशी फार चांगलं वागतात.

चार दिवसांनी हेमंतचा फोन आला. इनेश अजून रोट संपवतेय, दह्यात, दुधात, नुसता, पोट बिघडलं तरी अक्का सोडत नाहीत. पुढच्या वर्षी दोघं येणार आहेत, दळणाला इनेशने लवकर यावं असा हुकूम आहे. मी जरा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग सहज विचारतेय अशा आवाजात विचारलं, की माझ्याबद्दल अक्का काही म्हणाल्या का.

"म्हणाल्या ना," हेमंत म्हणाला. "म्हणतात, मॅडम फार चांगल्या. बिचाऱ्या पोटभर जेवल्यासुद्धा नाहीत."

मी म्हटलं, छान. फोन ठेवला. पुढच्या श्रावणात त्या घरी जायचं आणि काहीतरी मोठं, डोळ्यांत भरेल असं चुकायचं, असं मी मनाशी ठरवलं आहे. पण पाहुणीचं त्या घरात काहीच चुकत नाही, ही मोठी अडचण आहे.